शुक्रवार कुणाचा?

मठातून,
२२ जून २०२५

चि. स्नेहल हीस,
आत्याचे अनेक आशीर्वाद, आणि प्रभूची शांती तुझ्या नव्या खोलीत तुझ्याआधी जाऊन बसो. वि. वि.

तुला कोल्हापुरात बी.एस्सी.ला प्रवेश मिळाल्याचं वाचलं आणि आनंदाच्या भरात मी दुपारच्या प्रार्थनेची घंटा दोनदा वाजवली. मदर नुसत्या बघत राहिल्या. आजऱ्याच्या आपल्या बेकरीतून कॉलेजात जाणारी तू पहिलीच. आण्णाला म्हणावं, पाव भाजायला माणूस मिळेल, मुलीला शिकायचं वय पुन्हा मिळणार नाही.

आता सल्ला. मी वीस-बावीस वर्षं या भिंतींच्या आत आहे, फोन वापरत नाही, रस्त्यावरच्या गाड्यांचे आवाजसुद्धा मला ओळखू येत नाहीत. तेव्हा माझ्याकडून कॉलेजचा सल्ला घेणं म्हणजे गंमतच आहे. तरी आत्या आहे, गप्प बसवत नाही.

पहिल्याच रविवारी चर्च शोध आणि मिस्सा संपल्यावर पळून न जाता फादरांना नाव सांग. पलंगाच्या डोक्याशी क्रूस लाव, लहान चालेल. रात्री जपमाळ जमली नाही तर निदान झोपण्याआधी क्रूसाची खूण कर. अभ्यास हीसुद्धा प्रार्थनाच आहे, पण तो प्रार्थनेच्या वेळी करू नकोस, नाहीतर दोन्ही अर्धे होतात. आणि एकटी जेवू नकोस. एकटं जेवणारा माणूस हळूहळू उभ्यानं जेवायला लागतो.

शुक्रवार मात्र सोडू नकोस. आपल्या घरात बाराही महिने शुक्रवारी मटण-कोंबडी शिजत नाही, हे तुला नवं नाही. प्रभूच्या मरणाचा वार आहे. बाहेर गेल्यावर पहिली तीच गोष्ट सुटते. कुणी विचारलं तर कारण सांग. आपण होऊन भाषण देऊ नकोस, पण विचारलं तर सांग.

खोली कशी आहे, सोबत कोण आहे, सगळं लिही. तुझ्या पत्राखेरीज मला बाहेरचं फारसं कुणी काही कळवत नाही, हे ध्यानात असू दे.

तुझी,
फिलोमिना आत्या


कोल्हापूर,
१३ जुलै २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी इतक्यांदा वाचलं की घडीवर फाटलं. आता मागून चिकटपट्टी लावली आहे.

खोली राजारामपुरीत आहे, आक्का नावाच्या बाईंच्या घरात वरच्या मजल्यावर. आम्ही तिघी आहोत. प्रियदर्शनी मुरगूडची. ती दिवसभर कानात वायर घालून असते आणि रात्री झोपेत भांडते. विद्याश्री शिरोळ तालुक्यातल्या दत्तवाडची, अगदी कर्नाटकाच्या हद्दीवरची. आईला अव्वा म्हणते, फोनवर अर्धं कानडी अर्धं मराठी बोलते आणि इतकं मोठ्यानं बोलते की फोन नसता तरी दत्तवाडला ऐकू गेलं असतं. आक्कांनी माझं आधार कार्ड बघितलं, मला वाटलं काही विचारतील. त्या एवढंच म्हणाल्या की पोरं आणायची न्हाईत आणि गिझर दहा मिनटंच.

मेस आमच्याच गल्लीत आहे, तानाबाईंची. इथल्या मेसचा नियम तुला सांगते. बुधवार, शुक्रवार आणि रविवार मटण. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, हवा तेवढा. शुक्रवारी मुली दुपारपासूनच त्याच्या गोष्टी करतात. पहिल्या शुक्रवारी मी तानाबाईंना म्हटलं की मला नको, पिठलं-भाकरी द्या. त्यांनी पळी हातातच धरली आणि विचारलं, शुक्रवार करतीस व्हय? मी हो म्हटलं. खोटं नव्हतं ना, आत्या? त्या लगेच मोठ्यानं म्हणाल्या की लक्ष्मीचा शुक्रवार करणारी पोरगी आली बघा, ह्या वयात कोण करतंय आता. आणि माझ्या ताटातलं लिंबू उचललं, शुक्रवारी आंबट चालत न्हाई म्हणून.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण ओळीत मागं सतरा-अठरा मुली ताटं घेऊन उभ्या होत्या आणि मला त्यातली एकही माहीत नव्हती. इथं आडनावावरून कुणाला काही कळत नाही. आजऱ्यात बारदेसकर म्हटलं की चर्चजवळचं घर, हे शेंबडं पोरही सांगेल. इथं सगळ्यांना वाटतं कोकणातली आहे. आण्णा सोडायला आले तेव्हा जाताना म्हणाले होते की कुणी इचारलं तर सांग, न्हाई इचारलं तर गप बस. तू म्हणतेस विचारलं तर सांग. विचारलंच कुणी नाही. परस्पर ठरवून टाकलं.

चर्चला गेले होते. फादरांना नाव सांगितलं, त्यांनी वहीत लिहून घेतलं. माझ्या बाकावर केरळच्या तीन नर्स होत्या. त्या माझ्याकडे बघून हसल्या आणि मग आपल्या भाषेत बोलत राहिल्या.

क्रूस अजून बॅगेत आहे. रागावू नकोस.

तुझ्या पत्राची वाट बघणारी,
स्नेहल


मठातून,
१० ऑगस्ट २०२५

चि. स्नेहल हीस,
आत्याचे आशीर्वाद, आणि मेसच्या तानाबाईंनाही, त्यांना नको असले तरी. वि. वि.

लिंबाची गोष्ट जेवणानंतरच्या गप्पांच्या वेळी सगळ्यांना वाचून दाखवली. आम्ही आता सहाच जणी उरलो आहोत, त्यात दोघींना नीट ऐकू येत नाही, तरी सगळ्या हसल्या. सिस्टर रेजिना म्हणाल्या की लिंबू सोडणं हे मटण सोडण्यापेक्षा मोठं प्रायश्चित्त आहे.

मी मात्र नंतर हसले नाही. रागावले आहे असं समजू नकोस. तुझ्या मागं उभ्या मुली मला दिसल्या. पण अशा गोष्टी पावाच्या पिठासारख्या असतात, झाकून ठेवलं की फुगतात. बेकरीवाल्याच्या मुलीला हे मी सांगायला नको. एखाद्या साध्या दिवशी, ताट हातात नसताना, एकीला सांग. सगळ्यांना नाही, एकीला. दत्तवाडची ती मोठ्यानं बोलणारी मला बरी वाटते. मोठ्यानं बोलणारी माणसं मनात फार ठेवत नाहीत.

क्रूस बॅगेत असला तरी तोच क्रूस आहे. पण बॅगेतून एकदा काढून हवा दे त्याला.

तुझी वाट पाहत बागेतलं तण उपटणारी,
आत्या


कोल्हापूर,
५ ऑक्टोबर २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

इतके दिवस लिहिलं नाही, कारण लिहायला बसले की रडू यायचं आणि रडलेलं पत्र तुला पाठवायचं नव्हतं.

कॉलेज मोठं आहे. वर्गात शंभरावर मुलं आहेत. आजऱ्यात मी रस्त्यानं गेले तर चौथ्या दुकानापर्यंत कुणीतरी आण्णांची चौकशी करायचं. इथं एका रविवारी सकाळच्या मिस्सेपासून संध्याकाळपर्यंत मी कुणाशी एक अक्षर बोलले नव्हते. संध्याकाळी रंकाळ्यावर गेले. भेळवाल्यानं तिखट किती विचारलं तर माझा आवाजच फुटेना.

तू म्हणालीस ते खरं, विद्याश्री चांगली आहे. ती शाकाहारी, घरात लिंगपूजा. त्यामुळं शुक्रवारी मेसमध्ये भिंतीकडच्या बाकड्यावर आम्ही दोघीच बसतो. बाकीच्या रश्श्याच्या वाफेत आणि आम्ही पिठल्यात. ती म्हणते आपण दोघी म्हंजे ह्या मेसच्या विधवा. शुक्रवार हा माझा आठवड्यातला एकच दिवस आहे, ज्या दिवशी जेवताना मला कुणाची तरी सोबत असते. बाकी दिवशी ती उशिरा येते, तिचं प्रॅक्टिकल असतं.

तिनं मला तिचं सगळं सांगितलं आहे. गेल्या वर्षी तिचं लग्न ठरलं होतं, सुपारी फुटली होती आणि मुलाकडच्यांनी मोडलं. का मोडलं हे तिलाही कधी कळलं नाही. गावात तोंड दाखवायला नको म्हणून ती कोल्हापुरात शिकायला आली. हे प्रियदर्शनीलाही माहीत नाही. सांगून झाल्यावर तिनं भाकरीचा शेवटचा तुकडा माझ्या ताटात टाकला आणि म्हणाली की आता तुझं सांग. मी म्हटलं माझं काही नाही. आत्या, मला तेव्हा सांगता आलं असतं. ताट हातात होतं पण मागं कुणी नव्हतं.

मी तुला पत्र लिहिते यावरून ती छळते. आजच्या काळात पत्र लिहाय लागतंय म्हंजे पोरगा जेलात असणार, असं तिचं ठाम मत आहे. मी सांगितलं की आत्याला लिहिते, तिच्याकडं फोन नसतो. ती म्हणाली की गरीब आत्या, दिवाळीला जुना फोन देऊया तिला.

दिवाळीच्या सुट्टीत आजऱ्याला जाईन. आण्णा म्हणत होते की जमत न्हाई तर ये परत, काउंटरला माणूस पायजेच हाय. मला ते फार गोड वाटलं, म्हणूनच भीती वाटते. इथं विद्याश्री नसती तर मी गेलेच असते. आणि विद्याश्री ज्या स्नेहलशी बोलते ती मी आहे का, हे मला कळत नाही.

तुझा हात डोक्यावर असू दे.
स्नेहल


मठातून,
१६ नोव्हेंबर २०२५

चि. स्नेहल हीस,
आत्याचे आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र घाईचं आहे. ३० तारखेला आगमनकाळ सुरू होतो. तेव्हापासून नाताळापर्यंत आम्हाला पत्रं लिहायची नसतात आणि आलेली वाचायचीही नसतात. मदर ती कपाटात ठेवतात आणि नाताळच्या दिवशी एकदम देतात. उपवासकाळातही तसंच, ईस्टरपर्यंत. तू लहान होतीस तेव्हा डिसेंबरात मी उत्तर का देत नाही म्हणून तू माझ्यावर रुसली होतीस. आता सांगून ठेवते. मी गप्प असले तरी इथंच असेन.

दिवाळीहून तू परत कोल्हापूरला गेलीस हे वहिनीच्या चिठ्ठीतून कळलं. तिनं दोनच ओळी लिहिल्या आहेत, त्यातली एक नानकटाईबद्दल.

विद्याश्रीबद्दल मी पुन्हा सांगत नाही. मागच्या पत्रात शहाणपण सांगून झालं आणि त्याचा उपयोग झालेला दिसत नाही. तिला गमवायची तुला भीती आहे एवढं मला कळतं. ती भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. गमावशीलही.

माझ्या वाट्याचा जुना फोन तिनं राखून ठेवावा.

नाताळात भेटू, कागदावर.
आत्या


कोल्हापूर,
३ डिसेंबर २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तू हे वाचणार नाहीस हे माहीत आहे. तरी लिहिते, कारण विचारायला दुसरं कुणी नाही.

विद्याश्रीच्या अव्वांनी, शांतव्वांनी, माझं उद्यापन ठरवलं आहे. विद्याश्रीनं त्यांना कधीतरी फोनवर सांगितलं होतं की माझी रूममेट शुक्रवार धरते, एकबी चुकवत न्हाई, मेसमधे मटणाच्या वासात बसून पिठलं खाती. त्यांना फार कौतुक वाटलं. व्रताचे शुक्रवार कधीच पुरे झाले असतील, पोरगी घरापासून लांब, तिचं उद्यापन कोण करणार, म्हणून १२ तारखेच्या शुक्रवारी त्यांच्या स्वतःच्या उद्यापनाबरोबर माझंही करायचं. मला पाटावर बसवून ओटी भरणार. इरकल खण आणला आहे. विद्याश्रीनं त्याचा फोटो दाखवला, हिरवा आहे, लाल काठाचा. शेजारच्या बायकांना आमंत्रणं गेली आहेत.

मी दोनदा सांगायला तोंड उघडलं. एकदा प्रियदर्शनी आत आली. दुसऱ्यांदा कुणीच आलं नाही, मीच पेपर कधी आहे ते विचारलं.

जाऊन बसले तर काय होईल? एक दिवसाचा प्रश्न आहे. पुरणपोळी खायची, नमस्कार करायचा, परत यायचं. कुणालाच कळणार नाही. पण एक बाई मला न बघता माझ्यासाठी खण आणते आणि तिला मी कोण हे माहीत नाही. आणि न जाता फक्त सांगितलं, तर विद्याश्री जाईल. मग इथं माझं कोण? काल रात्री आण्णांना फोन करून म्हणणार होते की न्यायला या. नंबर लावला आणि कापला.

काय करू ते सांग. सांगू शकत नाहीस, माहीत आहे.

स्नेहल


कोल्हापूर,
१४ डिसेंबर २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

सांगितलं. फार वाईट वेळी सांगितलं.

शुक्रवारी सकाळी आम्ही स्टँडवर गेलो. विद्याश्रीनं खिडकीतून रुमाल टाकून दोन जागा धरल्या आणि वर चढली. मी खालीच उभी राहिले. ती खिडकीतून ओरडली की अगं चढ की, पावणीसारखी काय उभारलीस. तेव्हा मी खालूनच सांगितलं. मी ख्रिश्चन आहे, माझा शुक्रवार येशूच्या मरणाचा, लक्ष्मीचा नाही, मी तुझ्या अव्वांना फसवून पाटावर बसू शकत नाही. स्टँडवर इतका गलका होता की मला दोनदा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा आजूबाजूच्या चार माणसांनीही ऐकलं.

तिला आधी हसू आलं. मग नाही. ती म्हणाली की आत्ता सांगतीस व्हय, गाडी लागल्यावर. मग विचारलं की पाच म्हैने शेजारी बसून जेवलीस, एकदाबी वाटलं न्हाई काय. तिनं शेजारच्या सीटवरचा रुमाल उचलला. लगेच एक बाई पिशवी घेऊन तिथं बसल्या आणि गाडी निघाली.

ती शनिवारी परत आली. नीट बोलते, साबण मागितला तर देते. मोठ्यानं बोलत नाही. ते सगळ्यात वाईट.

मी बॅगेतून क्रूस काढला आणि खिळा नव्हता म्हणून सेलोटेपनं लावला. प्रियदर्शनीनं कानातली वायर काढून बघितलं, म्हणाली भारी हाय, आणि वायर परत घातली. ज्याची मला पाच महिने भीती होती ते एवढंच निघालं. आणि ज्याची नव्हती, ते झालं.

पेपर १९ ला संपतात. मग आजऱ्याला जाते. सगळं सामान घेऊन जायचं की थोडं, ते अजून ठरवलेलं नाही.

स्नेहल


कोल्हापूर,
१७/१२/२५

स्नेहलच्या आत्यास,
विद्याश्री संगमेश पाटील हिचा नमस्कार.

तुमाला आत्या म्हणायचं का सिस्टर, मला कळत न्हाई, म्हणून आत्याच लिहिते. पत्ता टेबलावरच्या पाकिटावरनं घेतला. स्नेहलला माहीत न्हाई. पत्र लिहायची सवय न्हाई, चुकलं तर सांभाळून घ्या.

तुमची भाची ख्रिश्चन हाय ह्याचा मला राग न्हाई. आमच्या शाळंत एक बाई हुत्या ख्रिश्चन, त्यांनीच मला गणित शिकवलं. राग ह्याचा आला की मी माझं सगळं तिच्यापुढं वतलं. माझं लग्न मोडल्यालं मी सख्ख्या मावशीला सांगितलं न्हाई, ते हिला सांगितलं. आणि हिनं माझ्याकडनं एवढं ऐकून घेतलं आणि स्वतःचं देवाचं नावसुदिक सांगितलं न्हाई. मी काय तिला खाल्लं असतं? आमी मटणबी खात न्हाई.

आता माझी अडचण ऐका. मी त्या दिवशी दत्तवाडला एकलीच गेले. अव्वानं दारातच इचारलं की ती कुठं हाय. पाट मांडला हुता, बायका बसल्या हुत्या. मी सांगितलं तिला ताप आलाय. अव्वानं मग ओटी बाजूला काढून ठेवली, पोरगी बरी झाली की द्यायची म्हणून, आणि रोज फोन करून तापाचं इचारती. काढा कसा करायचा ते सांगती. म्हंजे आता खोटं मी बोलाय लागल्ये, आणि रोज बोलतोय. स्नेहलवर चिडलेय खरं, पण ती कसं गप बसली असंल ते मला आता कळाय लागलंय, आणि त्याचाबी राग येतोय.

अव्वाला काय सांगू? तुमी देवाच्या कामातल्या बाई, तुमाला ठाऊक असंल. लवकर कळवा.

आणि तुमचा फोन न्हाई ते मला खरंच वाटत नव्हतं. माफ करा, मी जेलात म्हणालेलं.

तुमची,
विद्याश्री


मठातून,
२६ डिसेंबर २०२५

चि. स्नेहल हीस,
नाताळचे आशीर्वाद, एक दिवस शिळे पण मनापासून. वि. वि.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पोस्टमननं आणलेली पाकिटं मदरांच्या हातात दिसली. वरचं अक्षर तुझं होतं. ते पाकीट माझ्या डोळ्यांसमोर कपाटात गेलं आणि मदरांनी किल्ली फिरवली. नंतर तुझं आणखी एक आलं. तू कधीच लागोपाठ दोन पत्रं लिहीत नाहीस. तेव्हापासून काल सकाळपर्यंत मी भांडी घासताना, गाताना, झोपताना त्या कपाटाकडे बघत होते. या मठात आल्यापासून नियम मला इतका जड कधी झाला नव्हता.

काल ती एकामागून एक वाचली. तू विचारलंस काय करू. खरं सांगते, तेव्हा पत्र हाती आलं असतं तर मी लिहिलं असतं की जा, पाटावर बस, त्या माउलीचं मन मोडू नकोस, परत आल्यावर सवडीनं सांग. मी तसंच लिहिलं असतं. बरं झालं कपाटाला कुलूप होतं. तू माझ्यावाचून ठरवलंस, उशिरा ठरवलंस, स्टँडवर चार माणसांत ओरडून सांगितलंस. मला ते शोभिवंत वाटत नाही. पण तेच करायचं होतं.

विद्याश्री तुला परत मिळेल असं मी लिहिणार नाही. तिची बाजू मला तुझ्याहून थोडी जास्त कळते, कशी ते विचारू नकोस. तिला वेगळं पाकीट पाठवलं आहे. त्यात काय आहे हे तिनं सांगितलं तर ऐक, मागू नकोस.

परत जा किंवा जाऊ नकोस हेही सांगत नाही. जूनमध्ये मी फार सल्ले दिले. आज एकच गोष्ट कळवते. सिस्टर रेजिना डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात देवाघरी गेल्या. आता आम्ही पाच. जेवणाच्या टेबलावर त्यांची जागा माझ्या शेजारची. रीत अशी की ती रिकामी ठेवत नाहीत, सगळ्या एकेक जागा सरकतात. मी सरकले आहे. पण अजून मीठ उजवीकडे द्यायला हात जातो आणि तिकडे भिंत आहे.

आण्णाला आणि वहिनीला सांग, केक मिळाला. फळं जास्त घातली आहेत.

माझ्या मौनातही तुझीच,
आत्या


कोल्हापूर,
१८ फेब्रुवारी २०२६, राखेचा बुधवार

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

हे तुला ईस्टरला मिळेल. यावेळी विचारायचं काही नाही, नुसतं सांगायचं आहे.

जानेवारीत मी परत आले, अर्ध्या सामानानिशी. आण्णा स्टँडवर सोडायला आले आणि म्हणाले की काउंटरला माणूस ठेवलाय, आता आलीस तर तुला काम मिळायचं न्हाई. म्हणाले आणि लगेच पाठ फिरवून गेले.

वर्गात हजेरीला मी आता पूर्ण नाव लिहिते, स्नेहल अंतोन बारदेसकर. आधी नुसतं ए. लिहायचे. कुणी मान वर करून बघितलंही नाही.

विद्याश्रीनं बाकडं बदललं. शुक्रवारी ती दाराजवळ तिच्या वर्गातल्या मुलींत बसते, मी भिंतीकडं. मी बसूनच जेवते, उभ्यानं नाही, एवढं तुला कळवते. तुझं पाकीट तिला मिळालं. तिनं ते दोनदा वाचताना मी बघितलं. मागितलं नाही.

शिवरात्रीला ती दत्तवाडला गेली होती, काल रात्री परत आली. दिवा न लावता अंधारातच बोलली, माझ्याकडं पाठ करून. अव्वाला सांगितलं म्हणाली, सगळं. दुसऱ्या दिवशी भाकऱ्या थापताना अव्वा म्हणाल्या की उपास कुणाच्याबी नावाचा असंना, प्वाट तर त्या पोरीचंच रिकामं हुतं की. पण मग म्हणाल्या की पोरीनं माझ्या दारात येऊन सांगाय पायजे हुतं, स्टँडवर न्हाई. विद्याश्री एवढं सांगून झोपली. मी बराच वेळ जागी होते.

आज सकाळच्या मिस्सेला गेले. फादरांनी कपाळावर राखेचा क्रूस काढला आणि मातीची आहेस, मातीला मिळशील हे म्हटलं. तिथून थेट कॉलेजला गेले. प्रॅक्टिकलच्या सरांनी सांगितलं की तोंड धुऊन ये, काजळी लागलीय. मी म्हटलं काजळी नाही सर, आज आमच्यात असतं. ते बरं म्हणाले आणि मोजनळी हातात दिली.

दुपारी जिन्यात विद्याश्री समोरून आली, प्रियदर्शनी तिच्यामागं. थांबली. माझ्या कपाळाकडं बघितलं आणि एकदम तिच्या जुन्या आवाजात, म्हणजे खालच्या मजल्यावर आक्कांना ऐकू जाईल अशा, म्हणाली की शिवरात्र हून तीन दिस झालं आणि तू आज इभूत लावून फिरतीस? आणि ही कसली लावल्यालीस, आडवी तीन बोटं लावायची तर एक उभी एक आडवी, कुणी लावली असली वाकडी? मला हसावं की काय ते कळेना. प्रियदर्शनीनं वायर काढली.

मग विद्याश्रीनं आवाज खाली आणला आणि विचारलं की तुमच्यात आज काय असतंय.

आत्या, गेल्या जूनपासून मला हे कुणीही विचारलं नव्हतं. मी जिन्यातच उभी राहून सांगितलं. राख कशाची, चाळीस दिवस कशाचे, सगळं. मध्ये घाबरून चुकलेही, गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी वाटलेल्या झावळ्या जाळून राख करतात हे दोनदा सांगितलं. तिनं पिशवी पायरीवर टेकवून ऐकलं. झाल्यावर म्हणाली, बरं. पिशवी खांद्यावर घेतली आणि प्रॅक्टिकलला निघून गेली.

एवढंच झालं. संध्याकाळ झाली आहे, ती अजून आलेली नाही. आज माझा उपवास आहे, एकदाच जेवायचं आहे. ती आली तर तिच्याबरोबर जेवेन, नाहीतर एकटीच. पण अजून जेवलेली नाही.

ईस्टरला तू हे उघडशील तेव्हा ती आली की नाही हे मला माहीत असेल, तुला नसेल. तोवर माझ्यासाठी तेवढी प्रार्थना कर, न वाचता.

तुझी,
स्नेहल